हरणाच्या शिकारीचे विशेष हंगाम आणि हत्यारांचा वाद

अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ती वर्षातून एकदा, हवी ती बंदूक घेऊन केली जाते, असा समज असेल तर तो बरोबर नाही. बहुतेक राज्यांत एकाच जातीच्या हरणासाठी हत्यारानुसार निरनिराळे हंगाम असतात. शरद ऋतूच्या सुरुवातीपासून चालणारा धनुष्यबाणाचा दीर्घ हंगाम, नोव्हेंबरच्या सुमारास येणारा काडतुसी बंदुकीचा छोटा हंगाम आणि त्याच्या आधी किंवा नंतर ठेवलेला ठासणीच्या बंदुकीचा हंगाम, अशी साधारण रचना असते. यांपैकी धनुष्यबाणाचा आणि ठासणीच्या बंदुकीचा हे विशेष हंगाम होत. त्या काळात कोणते हत्यार चालावे यावरून तेथील शिकारी, वन्यजीव खाती आणि विधिमंडळे यांच्यात गेली अनेक दशके वाद सुरू आहे. मोजकी हरणे, मोजके दिवस आणि मोजके जंगल अनेक दावेदारांमध्ये न्याय्य रीतीने कसे वाटावे, हा त्या वादाचा गाभा आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हरणांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे या स्वरूपात उद्भवत नाही. अमेरिकेत वन्यप्राणी ही राज्यातील जनतेची सामाईक संपत्ती मानली जाते आणि राज्य सरकार तिचे विश्वस्त असते. म्हणून हंगामाच्या तारखा, परवान्यांची संख्या आणि चालणारी हत्यारे यांचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते, आणि एका राज्यात मान्य असलेली बंदूक शेजारच्या राज्यात त्याच महिन्यात बेकायदेशीर ठरू शकते.

वेगळे हंगाम का निर्माण झाले?

इसवी सन १९०० च्या सुमारास, बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे, पांढऱ्या शेपटीच्या हरणांची अमेरिकेतील संख्या काही लाखांवर आली होती. कायद्याचे संरक्षण, नियंत्रित हंगाम आणि पुन्हा वाढलेली जंगले यांमुळे ती सावरली, आणि आज ती सुमारे तीन कोटी असल्याचा अंदाज दिला जातो. संख्या सावरत असतानाच्या काळात खात्यांपुढे पेच होता. शिकाऱ्यांना रानात अधिक दिवस द्यायचे, पण मारली जाणारी हरणे फार वाढू द्यायची नाहीत. त्यावरचा मार्ग म्हणजे हत्याराची ताकद कमी ठेवून दिवस वाढवणे. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत केवळ धनुष्यबाणाचा हंगाम ठेवला. आधुनिक काळातील असा हा पहिला हंगाम मानला जातो. वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे प्रवर्तक आल्डो लिओपोल्ड हे स्वतः त्या राज्यातील धनुर्धारी शिकाऱ्यांपैकी होते.

पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये याच तत्त्वावर चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे काम कसे चालते हे ठाऊक असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालायची, गजाने ती ठासायची, आणि एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. चकमकीच्या प्रकारात याखेरीज एक अडचण असते. घोड्याला लावलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी बाहेरच्या लहान पात्रातील दारूवर पडते आणि तेथून आग नळीत जाते. या प्रवासाला क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात हरीण हलू शकते, आणि पाऊस किंवा हिमवर्षाव असेल तर पात्रातील दारू ओली होऊन बार फुसका जातो. हा हंगाम नाताळानंतरच्या कडाक्याच्या थंडीत येतो आणि त्या वेळची हरणे आधीच्या हंगामांमुळे सावध झालेली असतात. इतकी बंधने स्वीकारणाऱ्याला राज्याने काही जादा दिवस द्यावेत, असा हा व्यवहार होता. वादाच्या मुळाशी हाच व्यवहार आहे आणि तो लक्षात ठेवला तर पुढचे बरेचसे मुद्दे सहज उलगडतात.

परवान्यांचे गणित

पश्चिमेकडील कोरड्या, डोंगराळ राज्यांत हरणे विरळ आहेत आणि परवाने बहुतेक ठिकाणी सोडत काढून दिले जातात. तेथे हत्याराचा प्रश्न थेट गणिताचा होतो. समजा, एखाद्या विभागात ३०० नर मारले गेले तरी कळपाला धोका नाही, असा जीवशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. ज्या हत्याराने शंभरातील ३० शिकारी यशस्वी होतात, त्या हत्यारासाठी तेथे १,००० परवाने देता येतील. तेच हत्यार सुधारून यशाचे प्रमाण शंभरात ६० झाले, तर परवाने ५०० वर आणावे लागतील. हरणे तितकीच मरतील, पण रानात जाण्याची संधी निम्म्या लोकांना नाकारली जाईल. म्हणजे ज्याला दुर्बीण बसवलेली अचूक बंदूक हवी आहे, त्याच्या सोयीची किंमत सोडतीत नाव न आलेला दुसरा कोणी मोजत असतो. ‘माझे हत्यार, माझी निवड’ हा युक्तिवाद मला या एका कारणामुळे अपुरा वाटतो. हत्यार व्यक्तीचे असले तरी यशाचा दर सगळ्यांचा मिळून मोजला जातो.

ठासणीची बंदूक बदलली

मिसुरी राज्यातील बंदूककार टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये एमके-८५ नावाची बंदूक बाजारात आणली आणि या हंगामाचा चेहरा बदलू लागला. तिच्यात दारू पेटवणारी टोपी नळीच्या बाजूला नव्हती, तर नळीच्या मागच्या टोकाला सरळ रेषेत बसत होती. त्यामुळे आग तत्काळ आणि खात्रीने दारूपर्यंत पोहोचते, ओलाव्याचा त्रास कमी होतो आणि बंदुकीची ठेवण काडतुसी रायफलीसारखी असल्याने वर दुर्बीण बसवता येते. पुढे मोजूनमापून घालायच्या सुट्या दारूऐवजी तयार वड्या आल्या, गोल शिशाच्या गोळीऐवजी प्लास्टिकच्या आवरणातील टोकदार गोळी आली, आणि पारंपरिक बंदुकीने ज्या शिकाऱ्याला ७० ते ९० मीटरच्या आत यावे लागत होते, तो आता दीडशे मीटर आणि त्याहूनही पुढच्या हरणावर नेम धरू लागला. गोळी अजूनही नळीच्या तोंडातूनच भरली जात होती, त्यामुळे कायद्याच्या शब्दांत ती ठासणीची बंदूकच राहिली.

राज्यांनी याला दिलेली उत्तरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि त्यांतून प्रत्येक राज्याला आपल्या हंगामाकडून काय हवे आहे हे कळते. कोलोरॅडोने नवी रचना मान्य केली, परंतु विशेष हंगामात दुर्बीण, दारूच्या वड्या आणि प्लास्टिकच्या आवरणाची गोळी या तिन्हींना मनाई ठेवली. आयडाहोने आणखी पुढे जाऊन, पेटवण्याची यंत्रणा उघडी असलीच पाहिजे, अशी अट घातली. यूटाने २०१६ मध्ये लांबचे जवळ दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी दिली आणि २०२४ च्या हंगामापासून ती मागे घेतली. दिलेली सवलत परत घेणे कोणत्याही सरकारी मंडळाला जड जाते, कारण तोवर लोकांनी पैसे खर्चून ती सामग्री विकत घेतलेली असते. म्हणून यूटाचा हा निर्णय मला धाडसाचा वाटतो.

दुसऱ्या टोकाला मिसिसिपी आहे. तेथे ‘आदिम हत्यारां’च्या हंगामात ०.३५ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाची, उघड्या घोड्याची, एकबारी आणि मागून भरायची काडतुसी रायफलसुद्धा चालते. एका वेळी एकच बार, एवढीच मर्यादा तेथे पुरेशी मानली आहे. मिसुरीने तर ठासणीच्या बंदुकीपुरता असलेला आपला हंगाम ‘पर्यायी पद्धतींचा’ हंगाम केला असून त्यात ठासणीच्या बंदुका, पिस्तुले, मोठ्या व्यासाच्या हवाई बंदुका, धनुष्ये आणि ॲटलॅटल नावाचे प्राचीन भालाफेकीचे साधन एकत्र नांदतात. हरणे मुबलक असतील तर या मोकळीकीने फारसे बिघडत नाही.

व्याख्या बाह्यरूपावर बेतली की पळवाट कशी निघते, याचे उदाहरण २०२० मध्ये समोर आले. त्या वर्षी बाजारात आलेल्या एका नव्या बंदुकीत गोळी नियमाप्रमाणे नळीच्या तोंडातून भरायची असते, पण दारू मात्र प्लास्टिकच्या बंद नळकांडीत मिळते आणि ती मागून सरकवायची असते. ही ठासणीची बंदूक आहे की नाही, यावर राज्यांचे एकमत झाले नाही. काहींनी ती स्वीकारली, काहींनी नाकारली. ‘गोळी नळीच्या तोंडातून भरायची’ एवढ्यावरच व्याख्या थांबली, तर दर काही वर्षांनी असा प्रसंग येतच राहणार. त्यापेक्षा पल्ला, दुसरा बार भरायला लागणारा वेळ आणि नेम धरण्याचे साधन या तीन गोष्टी नियमात स्पष्ट लिहिणे अधिक टिकाऊ ठरेल.

क्रॉसबोचा प्रश्न

सर्वाधिक कटुता धनुष्यबाणाच्या हंगामात आहे, आणि ती क्रॉसबो, म्हणजे दस्त्यावर बसवलेल्या आडव्या धनुष्यावरून आहे. त्याचे एक कारण असे की हा हंगाम सर्वांत दीर्घ असतो आणि अनेक राज्यांत नर हरणांच्या माजाच्या काळापर्यंत पोहोचतो. या काळात एरवी रात्रीच फिरणारे मोठे शिंगांचे नर मादीच्या शोधात दिवसाही हिंडतात, आणि तो काळ धनुर्धाऱ्यांना बंदुकीच्या गोंगाटाशिवाय मिळतो.

पारंपरिक धनुष्यात प्रत्यंचा कानापर्यंत ओढून ती पूर्ण ताकदीने धरून ठेवावी लागते. मिसुरीचेच हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६० च्या दशकात कंपाउंड धनुष्य तयार केले आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याच्या टोकांवरील विकेंद्री चाकांमुळे ओढताना सुमारे २७ किलो जोर लावावा लागला, तरी पूर्ण ओढल्यावर धरून ठेवायला जेमतेम सात किलो लागतात. त्या वेळी जुन्या धनुर्धाऱ्यांनी या साधनालाही ‘हे धनुष्यच नव्हे’ म्हणून विरोध केला होता. आज कंपाउंड वापरणारे काही जण क्रॉसबोला त्याच शब्दांत विरोध करतात, तेव्हा हा इतिहास त्यांना आठवून दिला जातो, आणि ते योग्यच आहे.

तरीही फरक खरा आहे. क्रॉसबोमध्ये आडवे धनुष्य बंदुकीसारख्या दस्त्यावर बसवलेले असते, प्रत्यंचा आधीच ताणून अडकवता येते, आणि हरीण समोर आल्यावर दुर्बिणीतून पाहून फक्त चाप ओढायचा असतो. साध्या किंवा कंपाउंड धनुष्याने शिकार करणाऱ्याला हरणाच्या नजरेसमोर हात हलवून प्रत्यंचा ओढावी लागते आणि बहुतेक संधी त्या एका हालचालीत वाया जातात. तीच अडचण क्रॉसबो दूर करतो. पल्ल्याबाबत मात्र गैरसमज आहेत. क्रॉसबोचा बाण वेगाने सुटला तरी तो अखेर बाणच असतो. तो झपाट्याने खाली येतो, आणि जिवंत हरणावर जबाबदारीने मारण्याचे अंतर कंपाउंडपेक्षा काही मीटरच अधिक असते. बंदुकीशी त्याची तुलना करणे चुकीचे आहे.

क्रॉसबोला मान्यता देणाऱ्यांचा मुख्य आधार शिकाऱ्यांची वाढती वये हा आहे. खांदा दुखावलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाला २७ किलोची प्रत्यंचा ओढवत नाही. क्रॉसबोमुळे तो आणखी काही वर्षे रानात जाऊ शकतो, तसेच लहान मुलांना आणि नवशिक्यांनाही सुरुवात करता येते. बहुतेक राज्यांनी सुरुवातीला केवळ अपंग व्यक्तींना परवानगी दिली आणि पुढे ती सर्वांना खुली केली. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये धनुष्यबाणाच्या हंगामात क्रॉसबो खुला केला, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र परवाना काढला. आज या दोन्ही राज्यांत त्या हंगामातील अर्ध्याहून अधिक हरणे क्रॉसबोने मारली जातात. कोलोरॅडोमध्ये मात्र क्रॉसबो फक्त रायफलीच्या हंगामात चालतो.

विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियामधील हे आकडे दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. एका बाजूला हा लोकांच्या पसंतीचा पुरावा वाटतो, तर दुसऱ्या बाजूच्या मते मोठे नर बंदुकीचा हंगाम येण्यापूर्वीच संपू लागले आहेत, आणि वर्षातून आठवडाभर सुट्टी काढून येणाऱ्या कष्टकरी शिकाऱ्याचा वाटा हिरावला जात आहे. माझ्या मते दुसऱ्या बाजूची ही तक्रार जेथे हरणे विरळ आहेत तेथे गांभीर्याने घ्यायला हवी.

जनावराच्या वेदनेचा मुद्दा

ज्याला शिकारच मान्य नाही, त्यालाही येथे काही म्हणायचे असते आणि ते ऐकले पाहिजे. बाण लागलेले हरीण रक्तस्रावाने मरते. नेम चुकला तर ते जखमी अवस्थेत दूर निघून जाते आणि सापडत नाही. मेरीलँडमधील इंडियन हेड येथील नौदलाच्या तळावर अनेक वर्षांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात, बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे हाती लागली नाहीत असे आढळले, आणि कंपाउंड व क्रॉसबो यांच्यात त्याबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. तेथील शिकाऱ्यांना नेमबाजीची चाचणी द्यावी लागत असे, तरीही हे प्रमाण होते.

याच आधारावर काही जण म्हणतात की अधिक अचूक हत्यार हेच अधिक दयाळू हत्यार आहे, म्हणून दुर्बिणीला मनाई करणे म्हणजे जनावराला जाणूनबुजून जखमी करणे होय. हा युक्तिवाद मनाला भिडतो, पण पुरता पटत नाही. साधन सुधारले की माणूस त्याच अंतरावरून अधिक काळजीपूर्वक नेम धरेल असे नाही. बरेचदा तो अधिक लांबून बार काढतो आणि जखमी होण्याचा धोका पुन्हा तेथेच येतो. दृष्टी मंदावलेल्या शिकाऱ्याला लांबचे जवळ न दाखवणारी, म्हणजे फक्त नेमाचा बिंदू स्पष्ट दाखवणारी दुर्बीण देणे, हा मला त्यातल्या त्यात बरा मध्यममार्ग वाटतो.

वस्ती, अंतर आणि सुरक्षितता

मध्य-पश्चिमेकडील सपाट, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, म्हणून तेथील अनेक राज्यांनी हरणासाठी फक्त शॉटगनला, म्हणजे एरवी छर्रे उडवणाऱ्या बंदुकीला, तीही छर्ऱ्यांऐवजी एकसंध गोळीसह, परवानगी दिली होती. हा नियम वाटतो तितका निर्विवाद नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बंदूक वर उचललेली असेल तर रायफलीची गोळीच सर्वांत लांब जाते, पण बंदूक आडवी धरलेली असेल तर शॉटगनची जड गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि रायफलीच्या गोळीपेक्षाही पुढे जाऊ शकते. त्यानंतरच्या वर्षांत ओहायो आणि मिशिगन (२०१४) तसेच आयोवा (२०१७) यांनी सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. नेहमीचे रायफलीचे काडतूस तोंडाशी निमुळते असते आणि त्यात दारू अधिक मावते. सरळ भिंतीच्या काडतुसात ती कमी मावते, त्यामुळे वेग आणि पल्ला आपोआप मर्यादित राहतो. या राज्यांची बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून विंचेस्टरने २०१९ मध्ये ०.३५० लेजंड हे काडतूस आणले.

बंदूक-दारूगोळ्याच्या आणि धनुष्यबाणाच्या विक्रीवर ११ टक्क्यांच्या आसपास केंद्रीय कर बसतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. नवे हत्यार मान्य झाले की विक्री वाढते आणि संवर्धनाचा निधीही वाढतो. नियम ठरवणारे खाते या निधीवर अवलंबून असते, म्हणून अशा निर्णयांच्या जाहीर सुनावण्यांत सामान्य नागरिकाने बोलणे मला अगत्याचे वाटते.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय घराच्या मागच्या अंगणातच भेटतो. तेथे हरणे बागा फस्त करतात, मोटारींना धडकतात, आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडांची पैदास त्यांच्या आधाराने वाढते. त्या राज्यात हरणासाठी काडतुसी रायफल चालत नाही. धनुष्य, क्रॉसबो, शॉटगन आणि ठासणीची बंदूक चालते. बंदूकधारी शिकाऱ्याला इमारतीपासून ४५० फूट दूर राहावे लागते, तर २०१० मधील दुरुस्तीनंतर धनुर्धाऱ्यासाठी हे अंतर १५० फूट केले आहे. ज्या उपनगरांत ४५० फुटांचे वर्तुळ आखले की शिकारीला जागाच उरत नाही, तेथे या एका बदलाने हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला.

कोलोरॅडोच्या डोंगरात जो क्रॉसबो धनुष्यबाणाच्या हंगामाबाहेर ठेवणे मला रास्त वाटते, तोच न्यू जर्सीच्या उपनगरात प्रत्येक धनुष्यहंगामात चालावा असेही मला वाटते, आणि या दोन मतांत विसंगती नाही. कोलोरॅडोत हंगामाचा हेतू थोडी हरणे अनेकांना पुरवणे हा आहे, न्यू जर्सीत तो वाढलेली हरणे सुरक्षितपणे कमी करणे हा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या नाताळानंतरच्या हंगामाचा हेतू तिसराच, म्हणजे एक जुने कौशल्य जिवंत ठेवण्याचा आहे, आणि तेथे नव्या ठासणीच्या बंदुकांसाठी ऑक्टोबरमध्ये वेगळे दिवस आधीच दिलेले आहेत. चकमकीची अट तेथून काढण्याची मागणी अधूनमधून होते. ती मान्य केली तर त्या हंगामाला वेगळे अस्तित्व राहण्याचे कारणच उरणार नाही, म्हणून ती अट आहे तशीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.